दारूगोळ्याचं कोठार आणि मामांचे बूट

आमच्या भाऊजींना रस्त्यात पत्ता विचारायचा असेल तर विचारणाऱ्याने आधी कशाला तरी टेकून उभं राहावं. त्याला फक्त पोस्ट ऑफिस हवं असतं. भाऊजी त्याला पोस्ट ऑफिस पूर्वी कुठे होतं ते सांगतात, तिथून ते का हललं, हलवताना कोणाचं कोणाशी वाजलं, जुन्या जागी आता दातांचा दवाखाना असला तरी खिडकीखालची पत्र टाकायची फट कशी अजून तशीच आहे, आणि परवाच कुणीतरी तिच्यात वीजबिल कसं टाकलं, हेही सांगतात. तोवर पोस्ट ऑफिस बंद झालेलं असतं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. पाणीखात्यात मीटर वाचायचं काम करतात. त्यामुळे गावातल्या बहुतेक घरांच्या मागच्या दारापर्यंत त्यांची सायकल पोचलेली आहे, आणि लोक त्यांना मीटरभाऊ म्हणतात. दिवसभर नोकरीत सायकल हाणून झाली की संध्याकाळी विरंगुळा म्हणून ते सायकलवर फिरायला जातात. सायकल पंक्चर असेल तर चालायला जातात. आमच्या ह्यांच्या मते त्यात नवल काही नाही. "त्याचे पाय झोपेतसुद्धा थांबत नाहीत," हे म्हणतात. "एका पलंगावर झोपायचो आम्ही. पाठीला विचार माझ्या."

मी लाकडाच्या वखारीत हिशेब लिहिते. आलं, गेलं, शिल्लक. त्या सवयीने माणसंसुद्धा मी मनात तशीच मांडते. भाऊजींच्या जमेला बरंच आहे. व्यसन नाही, आपलं ताट आपण उचलतात, कुणाबद्दल वाईट बोलत नाहीत, निदान जिवंत माणसांबद्दल तरी. नावे टाकायला एकच बाब, पण ती जमेची सगळी बाजू खाऊन वर उरते. ते सांगतात. सांगतच राहतात. चाळिशी उलटून गेली तरी त्यांचं लग्न झालं नव्हतं त्याचं कारण आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे, कारण त्यासाठी आधी त्यांचं बोलणं थांबायला लागलं असतं.

दर रविवारी ते गावाची फेरी काढतात. पायी, फुकट, येईल त्याला घेऊन. येणारे म्हणजे डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं एक जोडपं, यजमानांनी घराबाहेर काढलेला एखादा पाहुणा, आणि सख्खा भाऊ म्हणून आमचे हे, जे प्रत्येक थांब्यावर आधी बसायला जागा बघतात. फेरीचा मार्ग पक्का ठरलेला. बाजारातून निघायचं, कालव्याच्या कडेने वर चढायचं, पलीकडे उतरायचं, पादचारी पूल ओलांडायचा आणि दुसऱ्या अंगाने गावात यायचं. कायम त्याच दिशेने. ही दिशा मुळात सायकलची. तिकडून गेलं की चढाला वारा पाठीशी मिळतो, असं भाऊजींनी तरुणपणीच शोधून काढलं होतं, आणि पुढे पायी फेऱ्या सुरू केल्या तरी वाऱ्याची ती सोय कुणी रद्द केली नाही. शिवाय त्यांचा एक नियम होता: गेल्या वाटेने परत यायचं नाही. मग पाऊल मुरगळो नाहीतर तहान लागो.

अशाच एका फेरीत त्यांनी एका दगडी मोरीवर कोरलेलं साल चुकीचं वाचलं आणि ती मोरी चांगली शंभर वर्षांनी म्हातारी करून टाकली. एका पाहुण्याने फोनमध्ये फोटो मोठा करून दाखवला. भाऊजींनी फोटो बघितला, डोळे चोळले आणि म्हणाले, "चूक माझी नाही, डोळ्यांची आहे." दुसऱ्या दिवशी ते चष्म्याच्या दुकानात गेले.

ते दुकान एक बाई एकट्याने चालवतात. डोळे त्याच तपासतात, काचाही त्याच घासतात. त्यांनी भाऊजींना हनुवटी टेकवून बसवलं आणि समोरच्या फळीवरची तिसरी ओळ वाचायला सांगितली. भाऊजींनी ती वाचली आणि विचारलं, "बाई, ह्या भिंतीत आतून लोखंडी कड्या आहेत का हो? हा तबेला होता पूर्वी."

"असेल," बाई म्हणाल्या. "अजूनही काही गिऱ्हाईकं लाथा झाडतात. चौथी ओळ वाचा."

हे भाऊजींनी आम्हाला जेवताना सांगितलं. मग हात धुताना पुन्हा सांगितलं. माझ्या लक्षात आलं की त्या आठवड्यात त्यांनी सांगितलेली ही पहिलीच गोष्ट, जिच्यातलं माणूस अजून हयात होतं.

त्यानंतर भाऊजींचा चष्मा सैल व्हायला लागला. आज डावी दांडी, परवा उजवी, मग नाकावरची रबरं. एका चष्म्याला स्क्रू असतात तरी किती! आमचे हे म्हणाले, "अरे, एकदा सगळा चष्माच त्यांच्याकडे ठेवून ये ना, रोज जाणं वाचेल." भाऊजी म्हणाले, "मग मी घालू काय?" चिडवलेलं त्यांना कळतच नाही, त्यामुळे त्यांना चिडवण्यात फारसा नफा नाही.

शेवटी मीच दुकानात जाऊन आले. अक्षर अंधुक दिसतं, असं काहीतरी सांगायचं ठरवून गेले होते. केसांत पेन्सिल खोचलेल्या एक बाई पडद्यामागून हात पुसत बाहेर आल्या, माझ्या नाकाकडे आणि कानांकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला चष्मा नकोय. तुम्ही मीटरभाऊंच्या वहिनी ना? बसा."

मी बसले. खोटं पकडलं गेलं की बसलेलं बरं.

"स्पष्टच बोलते, वहिनी," त्या म्हणाल्या. "त्यांनी मला काही विचारलेलं नाही. पण विचारणार आहेत हे शेजारच्या टेलरलासुद्धा कळलंय."

"आणि तुम्ही काय म्हणणार आहात?"

"तेच ठरत नाहीये. माझा भाऊ दुसऱ्या गावी मोठं दुकान काढतोय. मी येऊन ते चालवावं म्हणतो. सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय त्याला. गेले की गेलेच मी, मग परत येणं काही व्हायचं नाही." त्यांनी कपड्याने एक काच पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली. "माझा पहिला संसार का मोडला सांगू? आमच्या घरात एक माणूस कधीच चुकायचं नाही. आणि ते मी नव्हते. तेव्हा आता घाई नको वाटते. तुमचे भाऊजी गोड आहेत. पण इथे, या खुर्चीवर, सगळेच गोड असतात. हनुवटी टेकवून माणूस बसला की दुसरं करणार काय? मला त्यांना बाहेर मोकळ्यावर बघायचंय. या रविवारी फेरीला येते."

"अवश्य या."

"मामांना घेऊन येईन. नाही आणलं तरी ते झाडांच्या आडून मागे येतीलच. त्यापेक्षा उघड आलेले बरे."

मी घरी येऊन भाऊजींना सगळं सांगितलं. सोमवारचंही सांगितलं. ऐकून ते अंगणात गेले आणि सायकलीच्या दोन्ही चाकांत हवा भरायला लागले. फेरी पायी होती.

"वहिनी," पंप चालवता चालवता त्यांनी विचारलं, "काय बोलू मी?"

"कमी."

"कमी म्हणजे? कोणता भाग गाळू?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा अगदी मनापासून विचारत होता.

रविवारी बाकी कुणी येणार नाही याची व्यवस्था मी करून ठेवली होती. डॉक्टरांनी धाडलेल्या जोडप्याला फेरी रद्द म्हणून कळवलं, ह्यांना घरी बसवलं. हे एरवी कशालाच इतके चटकन तयार होत नाहीत. निघालो ते आम्ही चौघं: भाऊजी, चष्मेवाल्या बाई, त्यांचे मामा आणि मी. पाचवी सायकल. पायी फेरी असली तरी भाऊजी सायकल हातात धरून चालतात. डबा, पाण्याच्या बाटल्या, पंप, दोरी असं सगळं तिच्या कॅरियरवर असतं. ती नसली तर हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नाही.

मामा म्हणजे कचेरीत अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, उंच आणि थोडे पुढे वाकलेले गृहस्थ. समोरच्याच्या हातात अर्ज असेल आणि तो चुकलेला असेल, अशा नजरेने सगळ्यांकडे बघणारे. भाचीबरोबर माणूस बघायला जायचं म्हणून त्यांनी खोक्यातले ठेवणीतले काळे बूट काढले होते. चकाकत होते नुसते.

"बूट छान आहेत हो मामा," मी म्हटलं.

"सेवेत असताना घेतलेले. फक्त समारंभाला घालायचो. आताची वस्तू नाही ही, टिकाऊ आहे," मामा म्हणाले, आणि मग भाचीकडे वळून, "मी आज गप्प राहणार आहे, तू सांगितलंयस तसं. नोंद घे."

"घेतली," बाई म्हणाल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "कुणी काही सांगायला लागलं की हे मधेच दुरुस्त करतात. म्हटलं, आज मीटरभाऊंना बोलू द्यायचं, एक अक्षर मधे टाकायचं नाही."

भाऊजींना हे वरदानच झालं. अग्निशामक दलाच्या जुन्या घंटेपाशी ते बोलले. रंगाच्या कारखान्याच्या धुराड्याखाली बोलले. कालव्याच्या दगडी पायऱ्यांवर उतरून, पूर्वी होड्या कुठे बांधायचे, दोर घासून दगडांना कसे खाचे पडलेत ते बोटं घालून दाखवलं. सांगतात छान, हे मीही मान्य करते. खाचेत बोट घातलं की दोराची ओढ हाताला लागल्यासारखी वाटते. पण सांगताना नजर सगळी दगडावर.

"तुम्ही लहानपणी यायचात का इथे?" बाईंनी विचारलं.

"लहानपणी? हो. तर हा दगड इथला नाहीच, बरं का. हा कुठून आणला असेल?"

मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. त्यांनी दंड चोळला आणि दगड कुठून आणला ते सांगितलं.

पुढे चढावर बाईंनी पुन्हा एकदा प्रयत्न केला. "एकटे फिरता तेव्हा कंटाळा नाही येत?"

"छे! एकटा कुठे असतो? ही भिंत बघा. हिचे तीन थर तीन वेळचे आहेत."

"मीटरभाऊ," बाई शांतपणे म्हणाल्या, "हे तुम्ही मला सांगताय की भिंतीला?"

भाऊजी हसले. त्यांना तो विनोद वाटला. बाई हसल्या नाहीत. सोमवार मला तिथूनच दिसायला लागला होता: दुकानाला कुलूप, आणि आमच्या घरात एक घट्ट, कधीही सैल न होणारा चष्मा.

चढ संपतो तिथे दारूगोळ्याचं कोठार आहे. भाऊजींच्या फेरीचा हा कळस. दगडी, बिनरंगाची, ओसाड इमारत. इथे आले की भाऊजी सायकल झाडाला टेकवतात आणि आवाज खाली आणतात.

"बघा ह्या भिंती," ते म्हणाले. "दोन्ही हात पसरले तरी जाडी मावत नाही. खिडक्या बघा, केवढ्याशा आणि किती वर. आत ऊन जाता कामा नये, ठिणगी जाता कामा नये. दाराला दार, एकामागे एक दोन. आणि वस्तीपासून लांब, का? तर उडालं तर एकटंच उडावं." इथे ते थांबतात. "रात्री पहारेकऱ्यांना विडीसुद्धा ओढायची बंदी होती."

पहारेकऱ्यांपर्यंत आलं की अंगावर काटा येतो, मी कितीही वेळा ऐकलेलं असलं तरी. मामांच्या तोंडून मात्र "अं..." असा आवाज निघाला. त्यांनी बोट वर केलं होतं. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. बोट खाली गेलं.

कोठार सोडलं की लगेच उतार लागतो. भाऊजी उतारावर कुणाला रेंगाळू देत नाहीत. सायकलवर तिथे मागे वळून बघणारा माणूस पुढे कालव्यात सापडतो, आणि पायी चालतानाही ते ब्रेकवर बोटं ठेवूनच उतरतात. आम्ही झपाझप खाली आलो, वळण घेतलं, आणि पुलापाशी येऊन उभे राहिलो.

पूल नव्हता. म्हणजे लोखंडी सांगाडा होता, पण चालायच्या फळ्या सगळ्या काढून नेलेल्या. मधे दोरी आणि दोरीला पाटी: दुरुस्तीचे काम चालू. खाली कालव्याचं पाणी आरामात वाहत होतं.

"मागच्या रविवारी होता," भाऊजी म्हणाले.

"पूल टिकाऊ नव्हता," मामा म्हणाले, आणि एक पाऊल मागे सरकले, तोच चर्रर्र असा आवाज झाला. मामांच्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटून जिभेसारखा खाली लोंबला. मामांनी तो बघितला. मग मोठ्या आशेने डावा बूट उचलून बघितला. त्याची खळ खोक्यातच सुकून गेली असावी, तोही वाटेला लागला होता.

"आता?" मी म्हटलं.

"आता काही नाही. खाणीवरून जाऊ," भाऊजी लगेच म्हणाले. "वळसा आहे, पण वाट सुरेख आहे. खडी आहे जरा."

"अहो, खडी? मामांचे बूट बघा! आलो तसे परत जाऊ की."

"परत?" भाऊजी सायकलचं हँडल आवळत म्हणाले. "गेल्या वाटेने?"

बाई मामांना दगडावर बसवत होत्या. मी भाऊजींना चार पावलं बाजूला ओढलं. "भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे ना? वारा कुठून येतो आणि कुठे जातो ते आज राहू द्या. त्या बाई आज तुम्हाला बघायला आल्यात. नियम कसला धरून बसलाय?"

"नियमाचं नाही हो वहिनी." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "त्या वाटेवरचं सगळं सांगून झालंय. परत जाताना मी बोलू काय? काही उरलंच नाही. खाणीवरून गेलो तर खाण आहे, भट्टी आहे, तिथून गावापर्यंत पुरतं मला."

इतकी वर्षं मी त्यांच्या बोलण्याला उधळेपणा समजत होते. माणूस घाबरून बोलत असेल हे माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

उत्तर बाईंनी दिलं. त्या चार पावलांचा काही उपयोग झाला नव्हता, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. "काही उरलं नसेल तर नका बोलू," त्या म्हणाल्या. "चालायचं नुसतं. मामांना सायकलवर बसवता येईल ना?"

तर असे आम्ही गेल्या वाटेने परत निघालो. मामा सीटवर, दोन्ही बूट भाऊजींच्या हातात फितीला धरून लटकलेले, सायकल एका बाजूने भाऊजी ढकलतायत, दुसऱ्या बाजूने मी. "सावकाश," मामा वरून सांगत होते. "मी या वाहनाचा परवाना घेतलेला नाही." भाऊजी अवाक्षर बोलत नव्हते. चेहरा असा की शाळेत उत्तर न येणाऱ्या मुलाला सगळ्यांपुढे उभं केलंय. चढ लागला. आमचा श्वास, चाकाची टिकटिक आणि मामांचं "हं, हं" एवढंच ऐकू येत होतं.

बाई पुढे चालत होत्या. वळणावर त्या थबकल्या, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "ते काय लिहिलंय हो तिथे?"

"कुठे?"

"कोठारावर. ह्या बाजूच्या भिंतीवर, वर, छपराच्या खाली."

भाऊजींनी वर बघितलं. "तिथे काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "ओळखतो ना मी ती इमारत."

"ह्या बाजूने बघितलीय कधी?"

उताराच्या बाजूने त्या इमारतीकडे भाऊजींची नेहमी पाठच असायची.

बाई त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. घामाने घसरलेला त्यांचा चष्मा एका बोटाने वर सरकवला, दोन्ही दांड्या कानांवर नीट बसवल्या. हात अगदी दुकानातल्यासारखा. फक्त दुकानात एवढा वेळ लागत नसावा. मग बाजूला होऊन म्हणाल्या, "हं. वरची ओळ वाचा."

रंग उडालेला होता, मधली काही अक्षरं शेवाळाने खाल्ली होती. पण मलासुद्धा दिसलं. माणसाच्या उंचीएवढी अक्षरं होती, फिकट निळी. भाऊजींनी वाचलं. आधी मनात, ओठ हलवत. मग मोठ्याने, एकेक अक्षर सोडवत:

"बर्फ... कारखाना."

सायकलवरून मामांनी घसा खाकरला.

"आता बोलू का मी?" त्यांनी भाचीला विचारलं. "लहानपणी आम्ही इथूनच बर्फ न्यायचो. गोणपाटात गुंडाळून, लाकडाच्या भुशात घालून. घरी पोचेपर्यंत निम्मा व्हायचा. जाड भिंती कशाला? बर्फ वितळू नये म्हणून! दारूगोळा काय, दारूगोळा!"

"मामा!" बाई ओरडल्या. "मग मघाशी का नाही बोललात?"

"तू बोलू दिलंस? बोट वर केलं होतं मी. नोंद घे म्हटलं होतं!"

मी भाऊजींकडे बघायचं टाळत होते. बाई मात्र थेट त्यांच्याकडेच बघत होत्या, आणि कशासाठी ते मला ठाऊक होतं. आता ते म्हणणार: आधी दारूगोळा असेल, बर्फ नंतर आला. म्हणणार: चूक माझी नाही, चष्म्याची. चष्मा कोणी केलाय तेही विसरून म्हणणार. मी मनातल्या मनात सोमवारच्या रकान्यात "गेल्या" असं लिहूनही टाकलं.

भाऊजी कोठाराकडे बघत राहिले. भिंती बघितल्या, खिडक्या बघितल्या. मग बुटांसकट कपाळावर हात मारला आणि इतक्या जोरात हसायला लागले की सायकल डगमगली.

"चुकलो!" ते म्हणाले. "अहो, केवढा चुकलो मी! पहारेकरी! वहिनी, मी त्यांना विडी ओढायची बंदी घातली होती हो! बर्फाला!" हसता हसता त्यांना ठसका लागला. बाईंनी बाटली पुढे केली. पाणी पिऊन त्यांनी तोंड पुसलं आणि मामांकडे वळले. "मामा, भुसा कुठून आणायचे? दोन दारं का होती? एक लावल्याशिवाय दुसरं उघडत नसत ना, थंडावा जाऊ नये म्हणून? तुमच्या हाताला पहिला कधी लागला बर्फ?"

आणि मामा बोलायला लागले. आयुष्यात प्रथमच कुणीतरी आपला अर्ज व्यवस्थित भरून आणल्यासारखे. मी भाऊजींना इतका वेळ ऐकताना कधी बघितलं नव्हतं. मधेच ते बाईंकडे वळून म्हणाले, "तुम्हाला आणखी काय दिसतं इथून? माझं काही धरू नका. मी ह्या वाटेने आज पहिल्यांदाच येतोय."

बाईंना बरंच दिसत होतं. खाली लांबवर दिसणाऱ्या रंगाच्या कारखान्याच्या धुराड्याला मागून शिडी होती, वर कुणीतरी कधीतरी अडकवून ठेवलेली बादली होती. चढाच्या भिंतीत बुजवलेलं एक दार होतं. भाऊजी प्रत्येक वेळी "अरे!" म्हणत थांबायचे, आणि हे काय असेल असं त्यांनाच विचारायचे. बुजवलेल्या दारापाशी बाई म्हणाल्या, कुणीतरी चिडून बुजवलंय, विटा बघा कशा वाकड्यातिकड्या लावल्यात. भाऊजींना हे इतकं पटलं की त्यांनी विटांवरून हात फिरवला. हळूहळू ते दोघं पुढे गेले आणि सायकल माझ्या एकटीच्या हाती आली, मामांसकट. मी तक्रार केली नाही. पुढे काय बोलणं चाललंय ते ऐकू येत नव्हतं. दिसत एवढंच होतं की बाई हातवारे करून काहीतरी सांगतायत आणि भाऊजी, हातातले बूट झुलवत, मान हलवतायत. मधे बराच वेळ दोघंही काहीच बोलत नव्हते, आणि तरी भाऊजींची चाल बिघडली नव्हती.

"काय म्हणतायत?" मामांनी वरून विचारलं.

"तुम्हाला तिथून जास्त दिसायला हवं."

"मला फक्त माझे बूट दिसतात."

कालव्याच्या पायऱ्यांपाशी ते दोघं आमच्यासाठी थांबले. भाऊजी पाण्याकडे न बघता बाईंकडे बघत होते. मी पोचले तेव्हा बाई विचारत होत्या, "आणि ज्यांना ज्यांना इतकी वर्षं दारूगोळा सांगितलात, त्यांचं काय?"

"त्यांना सांगतो ना जाऊन," भाऊजी म्हणाले. "घरोघरी. मीटर बघायला जातोच मी. आकडा लिहून घ्यायचा आणि म्हणायचं, तेवढं ते दारूगोळ्याचं मनातून काढून टाका, तो बर्फ होता, मी चुकलो होतो."

"प्रत्येक दारात असं म्हणणार?"

"म्हणायला नको? त्यांनी पुढे पाहुण्यांना सांगितलं असेल."

बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं, काच उजेडात धरून बघतात तसं. "तुम्ही भावाला उद्या काय..." एवढंच भाऊजींना म्हणता आलं. बोलायला काही न सुचलेले भाऊजी मी एका दिवसात दुसऱ्यांदा बघत होते.

"उद्या कशाला?" बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून फोन काढला, केसांतली पेन्सिल कानामागे नीट केली आणि तिथेच पायरीवर उभ्या राहून भावाला लावला.

"दादा? हो, मीच. दुकानासाठी दुसरं कुणी बघ बाबा. नाही, मी नाही येत... तब्येत ठणठणीत आहे. अरे, नाही, कुणी काही बोललं नाही मला. म्हणजे बोलले, पुष्कळ बोलले, पण ते वेगळं... मामा? आहेत ना, इथेच आहेत. सायकलवर आहेत... सायकलवर म्हणजे सायकलवर! दादा, हसू नकोस, घरी पोचल्यावर सगळं सांगते. वेळ लागेल पण. आम्ही अजून फिरतोय."

"फिरताय ते कळलं," मामा वरून ओरडले, "पण आधी मला कुणीतरी खाली उतरवा!"